रस्ता सर्वांचा

विद्यार्थिमित्रहो, प्रथम एक प्रश्न विचारितों. भर रस्त्यांत चर खणला आहे, पण भोंवतीं अडसर नाहीं. एक अंध मनुष्य काठी टेकीत येतो व त्यांत पडतो. दोष कोणाचा? पुष्कळ लोक चटकन् म्हणतील, "आंधळ्यानें एकट्यानें बाहेर पडावेंच कशाला?" या उत्तरांतील अन्याय जेकोबस टेनब्रूक यांनीं जगापुढें मांडला.

त्यांचा जन्म १९११ सालीं कॅनडांतील आल्बर्टा प्रांतांत झाला. सातव्या वर्षीं धनुष्यबाणाच्या अपघातांत त्यांचा एक डोळा गेला. पुढें दुसऱ्या डोळ्याची दृष्टीही मंदावत गेली, व चौदाव्या वर्षीं त्यांना पूर्ण अंधत्व आलें. नंतर अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांतील बर्कले येथील अंधशाळेंत ते शिकले. तेथें त्यांना न्यूएल पेरी हे गुरु लाभले. पेरी स्वतः अंध होते; त्यामुळें विद्यार्थ्याची कींव न करितां ते त्याजकडून भरपूर अभ्यासाची अपेक्षा करीत. टेनब्रूक यांनीं कायद्याच्या उच्च पदव्या मिळविल्या व बर्कलेच्याच विद्यापीठांत ते प्राध्यापक झाले.

अंधांकरितां डोळसांनीं चालविलेल्या संस्था पूर्वींही होत्या. परंतु १९४० सालीं सात संस्थानांतील अंध प्रतिनिधि पेनसिल्व्हानियांत एकत्र जमले व त्यांनीं स्वतःचा राष्ट्रीय संघ स्थापन केला. टेनब्रूक त्याचे पहिले अध्यक्ष झाले. भिक्षेपेक्षां काम, आणि आश्रयापेक्षां समान वागणूक, ही त्यांची मागणी होती.

वर सांगितलेल्या चराचा प्रश्न त्यांनीं १९६६ सालीं एका सुप्रसिद्ध कायदेविषयक निबंधांत तपासला. कित्येक खटल्यांत पडणाऱ्या अंधावरच निष्काळजीपणाचा ठपका येई. टेनब्रूक यांचें म्हणणें असें कीं, रस्ता सर्वांचा आहे. अंध मनुष्यही त्यावरून जाणार, हें ध्यानीं धरूनच खणणाऱ्यानें बंदोबस्त केला पाहिजे. १९६८ सालीं ते वारले. अंधांच्या स्वावलंबनाची खूण म्हणून १५ ऑक्टोबर हा पांढऱ्या काठीचा दिवस अमेरिकेंत १९६४ पासून पाळला जातो. आपल्या देशांतही तो पाळतात.

पालकहो, घरांत एकादें अपंग मूल असेल, तर त्यास मायेनें कोंडून ठेवूं नका, शाळेंत पाठवा. आणि मुलांनो, व्हरांड्यांत सायकल आडवी लावण्यापूर्वीं क्षणभर थांबा. ती वाट ज्यास दिसत नाहीं, त्याचीही आहे.