मुलांची शिदोरी

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी आपल्या देवळात जो काला होतो, त्याच्या सामग्रीकडे आम्ही यंदा प्रथमच निरखून पाहिले. ज्वारीच्या लाह्या, पोहे, दही, भिजविलेली हरभऱ्याची डाळ, काकडी, लिंबाचे लोणचे, थोडे खोबरे. पोषणशास्त्र ज्या मिश्र आहाराचा आग्रह धरते, तो एकाच द्रोणात! त्यातही आंबटाचे काम मोठे आहे. लिंबू, आवळा, पेरू यांतील 'क' जीवनसत्त्वामुळे धान्यातील व डाळीतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. उलट चहाने ते शोषण घटते. म्हणून कपभर चहा व दोन बिस्किटे यांवर मुलाला शाळेत धाडणे योग्य नव्हे. आमच्या घरीही हे वर्षानुवर्षे चालले होते, हे कबूल केले पाहिजे.

१०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तितक्याच तांदळात त्याचा दहावा हिस्साही नसतो. तथापि अंबील पाहून मुले नाक मुरडतात. अशा वेळी सक्ती करू नये, आणि "खाल्लेस तर पेढा देईन" असेही म्हणू नये. त्याने भाजी ही शिक्षा व पेढा हे बक्षीस ठरते. नावडता पदार्थ घासभरच, पण दहा-बारा वेळा पानात पडावा, व वडीलधाऱ्यांनी तो स्वतः मुलांसमोर खावा. बहुधा जीभ वळते.

आता थोडे अवघड बोलावयाचे आहे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला. आजच्या योजनेत प्राथमिक वर्गातील मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी धरली आहे. म्हणजे ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने. असे ऊन अन्न समोर असता आपल्यातील काही घरची मुले बिस्किटांचा पुडा घेऊन बाजूला बसतात. कोणी शिजविले, शेजारी कोण बसले, ही शंका मुलांची नव्हे. ती घरून शिकविलेली असते.

मागील महिन्यात एका भगिनीने आम्हांला देवळातच विचारले, "शाळेतले जेवण मुलाने खाल्ले तर चालेल ना? तुम्ही भटजींच्या घरचे, म्हणून विचारते." आम्ही म्हटले, "काल्यात कोणाची शिदोरी कोणती, हे श्रीकृष्णाने विचारले होते का?" भागवताच्या दशम स्कंधात यमुनेच्या वाळवंटात गोपाळ एकत्र बसून जेवतात, ते त्या बाईंना ठाऊक होते. त्या काही बोलल्या नाहीत. मुलाने मात्र लगेच विचारले, "मग उद्यापासून ताट नेऊ?"

देवळाच्या बालवर्गातही पेढ्यांऐवजी वाफविलेले हरभरे व पेरूच्या फोडी द्याव्यात, असे आम्ही सुचवितो. ज्यांना एखाद्या शनिवारचा प्रसाद द्यावयाचा असेल त्यांनी शुक्रवारी दिवेलागणीपूर्वी कळवावे; हरभरे रात्रभर भिजवावे लागतात.