तासाला वीस मिनिटे जादा – कोणाला आणि कशासाठी?

शाळा सुरू होऊन जेमतेम महिना झाला आहे. या दिवसांत या सदरात जुलाब, कावीळ, डेंग्यू यांविषयी लिहायचे, असा प्रघात आहे. परीक्षेचा विषय फेब्रुवारीत शोभतो, हे मलाही कळते. परंतु आजचा विषय फेब्रुवारीत लिहिला तर त्याचा कोणालाच उपयोग होणार नाही.

दरवर्षी दहावी-बारावीच्या तोंडावर दोन-तीन पालक माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, एक सर्टिफिकेट द्या. अशा मुलांना जादा वेळ मिळतो म्हणे." मुलाची अडचण खरी असते आणि पालकांची तळमळही खरी असते. पण ते प्रमाणपत्र माझ्यासारख्या खासगी डॉक्टरच्या लेटरहेडवर चालत नाही आणि योग्य ठिकाणी ते आठ दिवसांत होत नाही. मूल मग तीन तासांत जेवढे जमेल तेवढे लिहून येते. म्हणून हा लेख जुलैत.

सवलत म्हणजे काय?

तापाच्या रुग्णाला स्वेटरवरून थर्मामीटर लावला तर पारा खालीच राहील. म्हणून काही ताप उतरला, असे होत नाही. आपली मोजण्याची रीत चुकली, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षा हेही एक मापन आहे. इतिहासाच्या पेपरात इतिहास किती समजला ते मोजायचे असते. बोटे किती वेगाने चालतात ते नव्हे. ज्या मुलाची बोटे आजारामुळे सावकाश चालतात, त्याला सगळ्यांइतकाच वेळ दिला तर आपण त्याची बोटे मोजतो आणि गुण मात्र इतिहासाचे देतो.

चष्मा लावून परीक्षेला बसलेल्या मुलाविषयी कोणी तक्रार करत नाही. जादा वेळ, लेखनिक, मोठ्या अक्षरांतली प्रश्नपत्रिका, ब्रेल या सगळ्या गोष्टी चष्म्याच्याच जातीच्या आहेत. त्यांनी मुलाच्या ज्ञानात भर पडत नाही. असलेले ज्ञान कागदावर उतरते.

वेळ जातो तरी कुठे?

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलाच्या हाताचे स्नायू ताठ असतात. बोट वाकवणारे आणि सरळ करणारे स्नायू एकाच वेळी ओढू लागतात. एकेक अक्षर काढताना त्याचे मनगट दुखते, खांदा भरून येतो. अशा अनेक मुलांची बुद्धी तुमच्या-माझ्यासारखीच शाबूत असते.

मंददृष्टी असलेले मूल भिंग धरून वाचते. भिंगाखाली एका वेळी चार-पाच अक्षरेच दिसतात. ओळ संपली की पुढची ओळ शोधण्यातही वेळ जातो; नकाशा आणि आकृती तर तुकड्या-तुकड्यांनी पाहावी लागते.

"लेखी परीक्षेला कानाचा काय संबंध?" असे कर्णबधिर मुलांविषयी विचारले जाते. संबंध आहे. आपण भाषा कानांनी शिकतो. जन्मापासून ज्याला नीट ऐकू आले नाही, त्याचा शब्दसंग्रह तोकडा राहू शकतो आणि लांबलचक वाक्याचा प्रश्न त्याला दोन-तीनदा वाचावा लागतो. म्हणूनच कायद्यात दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद आहे.

सर्वांत जास्त गैरसमज अध्ययन अक्षमतेविषयी आहेत. २००७ साली 'तारे जमीन पर' चित्रपट आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी पोहोचला. तरी आपल्या वर्गातले तसे मूल आपल्याला ओळखू येत नाही. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड मेंदूत सहज बसत नाही, हे त्याचे मूळ. घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल होते, वेलांट्या इकडच्या तिकडे होतात, जोडाक्षरापाशी वाचन अडते. हेच मूल तोंडी विचारले तर फटाफट उत्तर देते. घरचे म्हणतात, "बोलायला हुशार, लिहायला आळशी." तो आळस नसतो. लिहिण्यात अशीच अडचण असेल तर तिला डिसग्राफिया आणि आकडेमोडीत असेल तर डिसकॅल्क्युलिया म्हणतात.

याखेरीज काही आजार वरून दिसतही नाहीत. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलची मुले बरीच आहेत. ऐन परीक्षेत हातापायांत कळा सुरू झाल्या तर ती मुले काय लिहिणार? सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे तिन्ही रक्ताचे आजार आज कायद्याच्या यादीत आहेत. टाइप-१ मधुमेहाच्या मुलाला जादा वेळापेक्षा जवळ खाऊ ठेवण्याची परवानगी महत्त्वाची असते; साखर उतरली की हात थरथरतो आणि डोके चालत नाही. केंद्रीय मंडळाने, म्हणजे सीबीएसईने २०१७ साली अशा मुलांना परीक्षागृहात खाण्याचे पदार्थ नेण्याची मुभा दिली.

कायदा काय सांगतो?

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सातच प्रकार होते आणि अध्ययन अक्षमता त्यांत नव्हती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात प्रकार २१ झाले आणि अध्ययन अक्षमताही आली. या कायद्याचे कलम १७ सांगते की, दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी अभ्यासक्रमात व परीक्षा पद्धतीत योग्य ते बदल करावेत. जादा वेळ आणि लेखनिक यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटे असे प्रमाण ठरवून दिले. राज्य मंडळाच्या परीक्षांतही हेच प्रमाण आहे. म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास जादा.

पुष्कळ लाभांसाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट असते. टक्के कमी भरले म्हणून लिहिण्याची अडचण खोटी ठरते का? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसणाऱ्या विकास कुमार या उमेदवाराला लिहिताना हाताचे स्नायू आखडण्याचा विकार होता आणि त्याला लेखनिक नाकारला गेला होता. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, लेखनिकाची सोय केवळ ४० टक्केवाल्यांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही. त्याला अनुसरून १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्राने ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या.

त्याच वर्षीचा, २०२१ चा, दुसरा निकाल पालकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. अवनी प्रकाश या विद्यार्थिनीला डिसग्राफिया होता. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत केंद्रावर तिला हक्काचा एक तास मिळाला नाही. २३ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले आणि तो कसा दूर करता येईल याचा विचार करण्यास परीक्षा घेणाऱ्या संस्थेला सांगितले. परंतु तिच्यासाठी परीक्षा पुन्हा घ्या, असा आदेश दिला नाही. गेलेला तास न्यायालयालाही परत देता येत नाही. म्हणून कागदपत्रांची तयारी आधी हवी.

प्रमाणपत्राची वाट

१) प्रथम डोळे आणि कान तपासून घ्या. मूल मागे पडण्याचे कारण कधी कधी साधा चष्मा किंवा वाहणारा कान एवढेच असते.

२) शाळेकडून लेखी निरीक्षण घ्या. वर्गशिक्षकांचे चार ओळींचे पत्र आणि जुन्या उत्तरपत्रिका तपासणीत फार उपयोगी पडतात.

३) दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी यूडीआयडीच्या संकेतस्थळावर अर्ज भरावा लागतो. तपासणी जिल्हा सामान्य रुग्णालयासारख्या ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयात होते. कोणत्या वारी कोणती तपासणी असते ते आधी विचारून जा, हेलपाटा वाचेल.

४) अध्ययन अक्षमतेला एक फेरी पुरत नाही. बुद्ध्यंक चाचणी, वाचन-लेखन-गणिताची चाचणी आणि डॉक्टरांची तपासणी अशा वेगवेगळ्या पायऱ्या असतात. आठ वर्षांच्या आतल्या मुलाचे निदान सहसा पक्के करत नाहीत. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात हे काम पुष्कळ वर्षांपासून होते. आपल्या जिल्ह्यात सोय कुठे आहे ते जिल्हा रुग्णालयात विचारा.

५) प्रमाणपत्र मिळाले की काम संपले, असे समजू नका. सवलतीचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. मंजुरीचे पत्र हाती येईपर्यंत पाठपुरावा करा आणि परीक्षेच्या दिवशी त्याची प्रत जवळ ठेवा.

परीक्षेच्या तोंडावर अपघाताने हात मोडला, तर गोष्ट वेगळी. त्या वेळी डॉक्टरांचा दाखला घेऊन लगेच मुख्याध्यापकांना भेटावे.

लेखनिक आणि सराव

लेखनिक सर्वसाधारणपणे खालच्या इयत्तेतला असतो. पुष्कळ मुलांना तो परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा भेटतो आणि मग पंचाईत होते. सांगून लिहून घेणे ही कला आहे. बीजगणितात कंस कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, आकृतीत कोणत्या बिंदूला काय नाव द्यायचे, हे सगळे तोंडाने सांगावे लागते. शक्य असेल तर घटक चाचणीपासूनच असा सराव शाळेने द्यावा. धाकट्या भावंडाला शेजारी बसवून घरीही तो करता येतो. जादा वेळाचाही सराव लागतो; चार तास एका जागी बसणे थकवणारे असते.

लाज आणि शंका

माझ्या दवाखान्यात येणारी एक मुलगी जन्मतः रंगहीन त्वचेची आहे. तिची नजर फार अधू आहे. पुस्तक नाकाला लावून वाचते. प्रमाणपत्राचा विषय मी काढला तेव्हा तिची आजी म्हणाली, "डॉक्टरसाहेब, सरकारी कागदावर अपंग लिहून घेतलं की उद्या हिला स्थळ कोण आणणार?" मी म्हटले, "आजी, तिची नजर गावाला माहीत आहे. तिची हुशारी मात्र अजून कागदावर यायची आहे." आजींना ते लगेच पटले नाही. मुलीच्या आईने दोन महिन्यांनी अर्ज भरला. जादा वेळ मिळाल्यावर त्या मुलीने गणिताचा पेपर पहिल्यांदाच शेवटच्या प्रश्नापर्यंत सोडवला.

दुसरी शंका शेजाऱ्यांची असते : "यात गैरफायदा घेणारे नाहीत का?" असतील. खोटेपणाने असा लाभ घेणाऱ्याला याच कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून खोट्या दाखल्यासाठी कृपया कोणत्याही डॉक्टरची पायरी चढू नका. एकाच्या लबाडीमुळे दहा खऱ्या मुलांकडे संशयाने पाहिले जाते. आणि ज्याला काहीच येत नाही, त्याला चार तास बसवून तरी काय मिळणार?

पालकांनी एवढे करावे

पहिल्या घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका हाती आल्या की नुसते गुण पाहून बाजूला ठेवू नका. सुरुवातीची उत्तरे बरोबर आणि शेवटची पाने कोरी, असे दर विषयात दिसते का ते पाहा. अक्षर पहिल्या पानावर ठीक आणि तिसऱ्या पानावर विस्कटलेले आहे का? मग तेच राहिलेले प्रश्न तुम्ही मोठ्याने वाचा आणि मुलाला तोंडी उत्तरे विचारा. ती बरोबर आली, तर रागावू नका, शिकवणी बदलू नका. त्या उत्तरपत्रिका घेऊन आधी वर्गशिक्षकांना आणि नंतर आपल्या डॉक्टरांना भेटा. ऑगस्टमध्ये भेटलात तर आम्हाला काही करता येईल.