टर्बोचार्जरची निवड : एका लहान क्रीडामोटारीचे उदाहरण

इंजिनाकडून अधिक शक्ती मिळवावयाची असेल तर त्यात अधिक इंधन जाळावे लागते, आणि अधिक इंधन नीट जळावे यासाठी अधिक हवा पुरवावी लागते. साधे इंजिन ही हवा स्वतःच्या श्वासाने आत ओढते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ मध्ये असे सुचविले की, बाहेर फेकल्या जाणाऱ्या तप्त वायूत जी शक्ती वाया जाते तिच्यावर एक चक्र फिरवावे आणि त्या चक्राकडून आत येणारी हवा दाबून घ्यावी. टर्बोचार्जरचे मूळ तत्त्व ते हेच. एकाच दांड्यावर दोन चक्रे असतात. त्यांपैकी टर्बाइन निकास वायूने फिरते आणि संपीडक हवा दाबतो.

तत्त्व सोपे असले तरी निवड सोपी नाही. ती कशी करावी हे एका उदाहरणाने पाहू. बंगळूरच्या व्हाइटफील्ड रस्त्यावर लहान डिझेल रेल्वे-इंजिने बांधणारा सॅन इंजिनिअरिंग हा कारखाना आहे. त्याच्याशी संबंधित असलेल्या सॅन मोटर्स या कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनांची क्रीडामोटार तयार केली. तिची बांधणी गोव्यात होत असे. अंगकाठी काचतंतूची आणि इंजिन फ्रान्समधील रेनॉ कंपनीचे, ११४९ घन सेंटीमीटरचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे. अशी एखादी मोटार व्हाइटफील्डमध्ये राहणाऱ्या मालकाकडे आहे आणि तिला टर्बोचार्जर बसवावा असे त्याच्या मनात आहे, असे समजू.

पहिला प्रश्न यंत्राचा नसून उद्दिष्टाचा असतो. शक्ती किती हवी? ६० वरून ८० अश्वशक्ती, म्हणजे एक-तृतीयांश वाढ, हे संयमित उद्दिष्ट होय. आता हवेचा हिशेब करू. मिनिटाला ५००० फेरे होत असताना चार आघातांचे हे इंजिन २५०० वेळा हवा भरून घेते. सिलिंडर सुमारे चार-पंचमांश भरतात असे धरले, तर मिनिटाला अंदाजे २३०० लिटर हवा लागते. गोव्याच्या किनाऱ्यावर ३० अंश तापमानात तिचे वजन सुमारे २.७ किलोग्रॅम भरेल. ८० अश्वशक्तीसाठी सुमारे ३.६ किलोग्रॅम हवा हवी. संपीडक निवडताना हाच आकडा हाताशी असला पाहिजे. प्रत्येक संपीडकाचा एक आलेख निर्माता देतो. त्यावर हवेचा प्रवाह आणि दाबाचे गुणोत्तर मांडून आपला बिंदू मध्यभागी, म्हणजे अधिक कार्यक्षमतेच्या भागात, पडतो की नाही हे पाहावे. संपीडक फार मोठा असेल तर कमी प्रवाहात हवा उलट उसळते. फार लहान असेल तर अधिक प्रवाहात त्याचा श्वास कोंडतो.

येथे एक सर्वसामान्य गैरसमज दूर केला पाहिजे. दाब दीडपट केला म्हणजे हवा दीडपट होते असे नाही. सायकलचा पंप मारताना त्याची नळी तापते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. संपीडकाची कार्यक्षमता ७० टक्के धरल्यास, दाब दीडपट करताना ३० अंशांची हवा सुमारे ८३ अंशांपर्यंत तापते. तापलेली हवा विरळ होते. त्यामुळे प्रत्यक्षात सुमारे १.२८ पटच हवा आत जाते आणि आपले उद्दिष्ट हुकते. मध्ये शीतक बसवून तीच हवा ४५ अंशांपर्यंत निववली, तर हे प्रमाण १.४३ पटीपर्यंत चढते. नळ्यांतील तूट वजा जाऊनही उद्दिष्ट गाठता येते. तेव्हा शीतकाची जागा आणि त्यावर येणारा वारा यांचा विचार आराखड्यातच व्हावयास हवा.

आता ठिकाणाचा प्रश्न. बंगळूरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे आणि तेथे हवेचा दाब किनाऱ्याच्या जवळजवळ नऊ-दशांश असतो. सिलिंडरात किनाऱ्याच्या दीडपट दाब हवा असेल तर व्हाइटफील्डमध्ये संपीडकाला १.६७ पट दाबावे लागेल. त्याच्या फेऱ्यांची गती वाढेल आणि ३० अंशांची हवा ८३ ऐवजी जवळजवळ ९८ अंशांपर्यंत तापेल. म्हणून संपीडक निवडावा तो पठाराच्या हिशेबाने.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी. दाब मर्यादेत ठेवण्यासाठी जादा निकास वायू बाजूने सोडून देणारी झडप, म्हणजे वेस्टगेट, बसवितात. साधी वेस्टगेट बाहेरच्या हवेपेक्षा दाब किती अधिक आहे एवढेच जाणते. व्हाइटफील्डमध्ये ती ०.६ वर बेतली तर ०.९ मध्ये ०.६ मिळून १.५ दाब होतो. तीच मोटार घाट उतरून गोव्याला गेली की एक आणि ०.६ मिळून दाब १.६ होतो, आणि किनाऱ्यावरची हवा बहुधा अधिक उष्णही असते. घरी निर्धोक वाटणारी मांडणी प्रवासात घातक ठरते ती अशी.

घातक का, ते पाहू. दाब आणि उष्णता प्रमाणाबाहेर गेली की पेट्रोल व हवेचे मिश्रण ज्योत पोहोचण्यापूर्वीच भडकते. इंजिनातून ठोके ऐकू येतात आणि दट्ट्याचा माथा काही मिनिटांतही फुटू शकतो. अमेरिकेत १९६२ मध्ये आलेल्या ओल्ड्समोबिल जेटफायर मोटारीचे संपीडन गुणोत्तर १०.२५ होते. ठोके टाळण्यासाठी तीत पाणी व मेथॅनॉल यांचे मिश्रण फवारावे लागे. मिश्रण संपले की दाब आपोआप मर्यादित होई. अनेक मालक टाकी भरावयास विसरत, आणि मोटार मंद झाल्याची तक्रार करीत. ती १९६३ नंतर निघाली नाही. मालकाच्या सवयींवर विसंबणारी योजना टिकत नाही, हा यातील धडा. म्हणून दाब कमी ठेवावा, गरज पडल्यास संपीडन गुणोत्तर उतरवावे, इंधनाचा पुरवठा वाढवावा आणि ठिणगीची वेळ थोडी उशिराची ठेवावी.

टर्बाइनचा आकार वापरावर अवलंबून असतो. १९७३ च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोची शक्ती १७० अश्वशक्ती होती. परंतु ती वरच्या फेऱ्यांत, आणि तीही एकदम, प्रकट होई. १९७८ च्या साब ९९ टर्बोत लहान टर्बाइन व वेस्टगेट यांची जोड देऊन मधल्या फेऱ्यांतच जोर मिळविला गेला. व्हाइटफील्डच्या दाटीच्या रस्त्यांवर साबचा मार्गच शहाणपणाचा.

लहान टर्बोचार्जरचा दांडा मिनिटाला दोन लाखांहूनही अधिक फेरे घेऊ शकतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. म्हणून स्वच्छ तेल, ते परत येण्यासाठी सरळ उताराची नळी आणि दौड संपल्यावर इंजिन थोडा वेळ मंद चालू ठेवण्याची शिस्त आवश्यक आहे. क्लच आणि ब्रेक यांचीही क्षमता तपासावी. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत ठरतील असा बदल मालकाने करू नये, असे बंधन आहे. काम हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे इष्ट.

सारांश, प्रथम उद्दिष्ट, मग हवा, मग उष्णता, मग ठिकाण, आणि सर्वांत शेवटी यंत्राची खरेदी, असा हा क्रम आहे. तो उलटा केला की आधी टर्बोचार्जर येतो आणि त्यामागून नव्या इंजिनाचा खर्च येतो.