उत्प्रेरक खरोखरच तटस्थ असतो काय?

रासायनिक क्रियेचा वेग वाढवितो, परंतु स्वतः बदलत नाही, तो उत्प्रेरक. शालेय पुस्तकातील ही व्याख्या आपणा सर्वांना पाठ असते. तिच्यावरून उत्प्रेरक म्हणजे लग्न जुळवून बाजूला होणारा मध्यस्थ, असे चित्र मनात उभे राहते. ते कितपत खरे आहे, हे एका उदाहरणावरून पाहू.

मोटारीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड बनतो. बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेतील गेरहार्ड एर्टल व त्यांचे सहकारी यांनी हीच क्रिया प्लॅटिनमच्या एकाच शुद्ध स्फटिकावर अभ्यासली. तापमान स्थिर, वायूंचा पुरवठाही स्थिर. तरीही क्रियेचा वेग ठरावीक तालात कमी-जास्त होत राही!

याचे कारण खुद्द धातूतच आहे. स्फटिकाच्या एका विशिष्ट पृष्ठावर, ते मोकळे असताना, अणूंची एकाआड एक रांग गायब असते. कार्बन मोनॉक्साइडचे रेणू पुरेसे साचले की अणू सरकतात आणि रांगा पूर्ण होतात. या नव्या रचनेवर ऑक्सिजन अधिक सहज चिकटतो. क्रिया वेगाने होते व साचलेला कार्बन मोनॉक्साइड संपतो. मग पृष्ठभाग मूळ रचनेकडे परततो, ऑक्सिजन कमी चिकटतो, कार्बन मोनॉक्साइड पुन्हा साचू लागतो आणि चक्र नव्याने सुरू होते.

हे सर्वत्र एकाच वेळी घडत नाही. कार्बन मोनॉक्साइडचे रेणू पृष्ठभागावर इकडून तिकडे सरकतात व एका जागेचा बदल शेजारी पोहोचवितात. १९९० साली या चमूने जंबुपार प्रकाशावर चालणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून या लाटांची चित्रे प्रसिद्ध केली. ऑक्सिजनचे भाग काळसर, कार्बन मोनॉक्साइडचे उजळ. त्यांतून पसरणाऱ्या लाटा, फिरणारी सर्पिले, तर कधी नुसताच गोंधळ. सर्पिलाच्या दोन वेढ्यांतील अंतर मिलिमीटरच्या काही शतांशांइतके, म्हणजे अणूच्या मानाने प्रचंड! ही नक्षी कोणी कोरलेली नसते. वायूंचा पुरवठा थांबला की ती विरून जाते.

घन पृष्ठभागांवरील रासायनिक क्रियांच्या अभ्यासासाठी एर्टल यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हा आपली व्याख्या खोटी नव्हे, अपुरी आहे. क्रियेत उत्प्रेरक खर्ची पडत नाही, एवढाच तिचा अर्थ. क्रिया चालू असताना मात्र तो क्षणोक्षणी बदलत असतो, आणि त्याच्या या बदलण्यातूनच क्रियेला ताल व आकार लाभतो.