उंबळीची वेल व तिचें रान

हिमालयांतील देवदार व चीड हे सूचिपर्णी वृक्ष वाचकांस निदान ऐकून ठाऊक आहेत. त्यांचें बीज फळांत झांकलेलें नसून शंकूच्या खवल्यांवर उघडें असतें. आपल्या कोंकणांत असा एकही वृक्ष निसर्गतः होत नाहीं. किनाऱ्यावरील सुरू दिसण्यांत तसा असला, तरी तो सपुष्प वर्गांतील असून येथें बाहेरून आणलेला आहे. मात्र उघड्या बीजाच्या वर्गांतील एक वेल सह्याद्रींत आहे. तिला उंबळी किंवा कुंबळ म्हणतात. शास्त्रीय नांव नीटम उला.

पनवेलहून घाट चढून गेल्यावर खंडाळ्याच्या रानांत ती आढळते. ती सदाहरित असून तिचें खोड लाकडी, पेरें फुगीर व पानें समोरासमोर आणि रुंद असतात. त्यामुळें पाहणारा तिला साधी रानवेल समजतो. पण तिला खरीं फुलें येत नाहींत. कणसासारख्या दांड्यावर वलयें येतात. जें तांबूस फळ दिसतें, तें मांसल आवरणाचें बीजच होय. हीं बीजें भाजून खातात, व त्यांचें तेल संधिवातांत चोळण्याचा प्रघात आहे.

या वेलीस ओलसर माती, दाट सावली व चढावयास उंच झाड लागतें. राबासाठीं आधाराचें झाड छाटलें किंवा उतारावर प्लॉट पाडले, कीं तिचा आसरा गेला. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचींत साग, खैर, ऐन, हिरडा यांचीं नांवें आहेत, उंबळीचें नाहीं. महसुली कारकून असतांना मालकी रानांतील झाडांची मोजणी करून मींहि वर्षानुवर्षें "किरकोळ वेली" एवढेंच लिहिलें. तें माझें अज्ञान होतें.

यांत एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. उंबळींत नर व मादी वेली निरनिराळ्या असतात. शेजारच्या दोन खातेदारांपैकीं एकानें नर वेल तोडली, तर दुसऱ्यानें जपलेल्या मादीस बीज धरणार नाहीं; ती हिरवी राहील, पण तिच्यामागें वंश उरणार नाहीं. यासाठीं तोडीपूर्वीं बांधाच्या दोन्ही बाजूंच्या मालकांनीं रान एकत्र फिरून पाहावें. फुगीर पेरांची वेल दिसल्यास ती व तिच्या आधाराचें झाड, दोन्ही राखावीं. यास खर्च कांहींच नाहीं. कोयता चालविण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, इतकेंच.