एनिॲकच्या सहाजणी

विद्यार्थिमित्रहो, संगणकावर बोटें ठेवून तुम्ही आज क्षणांत उत्तर मिळवितां. परंतु अशा यंत्रास आज्ञा देण्याची विद्या ज्यांनीं आरंभीं सिद्ध केली, त्यांचीं नांवें तुम्हांपैकीं थोड्यांसच ठाऊक असतील. त्यांचा वृत्तान्त आम्ही येथें थोडक्यांत देतों.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं, पेनसिल्व्हेनिया विश्वविद्यालयांत, 'एनिॲक' नांवाचें यंत्र बांधण्यांत आलें. त्यांत काचेच्या सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या, व त्याचें वजन सुमारें ३० टन होतें. तोफेच्या गोळ्याचा मार्ग काढण्याचें जें गणित करण्यास मनुष्यास तीस-चाळीस तास लागत, तें हें यंत्र अर्ध्या मिनिटांत करी. १९४५ सालीं या कामीं सहा तरुण स्त्रिया निवडण्यांत आल्या: के मॅकनल्टी, बेटी स्नायडर, जीन जेनिंग्ज, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सेस बायलास व रूथ लिक्टरमन. शिकावयास पुस्तक नव्हतें. नकाशांवरून यंत्राची रचना समजून घेऊन, तारा जोडून व कळा फिरवून त्यांनीं गणिताची मांडणी केली.

१५ फेब्रुवारी १९४६ रोजीं यंत्राचें प्रात्यक्षिक होतें. आदल्या रात्रीं एक चूक सांपडेना. गोळा जमिनीवर पडल्यावरहि गणित थांबत नसे, जणूं तो भूमींत शिरत आहे! बेटीनें रात्रभर तोच विचार मनांत घोळविला, आणि सकाळीं येऊन एक कळ बदलली. चूक नाहींशी झाली. प्रात्यक्षिक उत्तम पार पडलें; मात्र सायंकाळच्या मेजवानीस या स्त्रियांस बोलावणें नव्हतें.

पुढें चाळीस वर्षें लोटलीं. कॅथी क्लायमन नामक एका विद्यार्थिनीनें जुन्या छायाचित्रांत या स्त्रिया पाहून विचारलें, "या कोण?" त्या केवळ शोभेसाठीं उभ्या केल्या होत्या, असें तिला सांगण्यांत आलें. तिचें समाधान झालें नाहीं. तिनें शोध केला, आणि पुढें चौघींच्या आठवणी नोंदून ठेविल्या. तोंवर त्या सत्तरीच्या पलीकडे गेल्या होत्या. १९९७ सालीं त्यांचा जाहीर गौरव झाला. परंतु रूथ १९८६ सालींच निवर्तल्या होत्या. जें त्यांनाच ठाऊक होतें, तें त्यांच्याबरोबर गेलें.

मुलांनो, तुमच्याहि घरीं कोणाचे आजोबा छापखान्यांत खिळे जुळवीत असतील, कोणाची आजी मिशनच्या दवाखान्यांत परिचारिका असेल, कोणी तारऑफिसांत संदेश पाठविले असतील. ते आपण होऊन सांगत नाहींत, कारण कोणी विचारीत नाहीं. या सुटींत एक वही घेऊन त्यांच्यापाशीं बसा. त्यांनीं काय केलें, कसें केलें, कोठें चुकलें व तें कसें सुधारलें, हें विचारा. नांवें व सालें लिहून घ्या. पालकांनींहि यासाठीं सवड काढावी. वडिलांचा मान राखण्याची आज्ञा आपण पाठ म्हणतों. त्यांचें ऐकून घेणें हाहि मान राखण्याचाच एक प्रकार होय, आणि तो उद्यांवर टाकण्याजोगा नाहीं.