बेडकाच्या पायाने शिकवलेला धडा

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात सर्पदंशाचे रोगी येऊ लागतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका पहाटे एकोणीस वर्षांच्या मुलाला जीपमधून आणले. रात्री तो घरात जमिनीवर झोपला होता. पहाटे पोटात दुखू लागले, उलटी झाली, मग पापण्या उघडेनात, जीभ जड झाली. सूज नाही, दंशाची खूणही धड सापडेना. मी तपासत असतानाच हातपाय लुळे पडले, श्वास मंदावला. "डॉक्टरसाहेब, पोरगं गेलं हो!" म्हणून चुलत्याने हंबरडा फोडला. नाडी मात्र चालू होती. तोंडावर मास्क लावून, रबरी फुगा दाबून श्वास देत देत आम्ही त्याला मोठ्या रुग्णालयात नेले. तिथे सर्पविषावरील लस दिली, पाच दिवस कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर ठेवले. पंधरवड्याने मुलगा चालत दवाखान्यात आला. म्हणाला, "काका रडत होते ते मला ऐकू येत होतं. पण पापणीसुद्धा हलवता येत नव्हती."

मण्यारच्या दंशात असे का होते? याचे उत्तर बेडकाने फार पूर्वीच दिले आहे.

आमच्या वेळी एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षी बेडकाच्या पोटरीचा स्नायू त्याच्या मज्जातंतूसकट काढून प्रयोग करावा लागे. मज्जातंतू म्हणजे मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत नेणारी तार. तिला विजेचा हलका झटका दिला की स्नायू आखडे आणि काजळी धरलेल्या फिरत्या ढोलावर रेघ उमटे. आता हे प्रयोग बहुधा संगणकाच्या पडद्यावरच दाखवतात. पण याच जातीच्या एका प्रयोगाने वैद्यकशास्त्राची दिशा बदलली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये क्लॉद बर्नार हे शास्त्रज्ञ 'कुरारे' या विषाचा अभ्यास करीत होते. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी शिकारीसाठी हे विष बाणाला लावीत. बर्नार यांनी बेडकाच्या कमरेला असा दोरा बांधला, की मागच्या पायांना जाणारे रक्त बंद व्हावे, पण मज्जातंतू मोकळे राहावेत. मग पाठीच्या कातडीखाली विष घातले. पुढचा भाग लुळा पडला. पण त्या लुळ्या भागाला चिमटा काढताच, विष न पोहोचलेले मागचे पाय झटकले! म्हणजे बेडकाला कळत होते, फक्त हालचाल करता येत नव्हती. पुढे असेही दिसले, की विष भिनलेल्या स्नायूला थेट झटका दिला तर तो आखडतो, मज्जातंतूतून दिला तर नाही. तार शाबूत, स्नायूही शाबूत; बिघाड होता तो दोहोंच्या सांध्यावर.

या सांध्यावर 'अ‍ॅसिटिलकोलीन' नावाचे रसायन निरोप्याचे काम करते, हे लंडनच्या हेन्री डेल व सहकाऱ्यांनी १९३६ साली दाखवले. नागाचे विष स्नायूवरील त्या रसायनाची जागा अडवते. मण्यारचे विष मुख्यतः मज्जातंतूचे टोकच निकामी करते. श्वासाचे स्नायूही याच हुकमावर चालतात, म्हणून श्वास थांबतो. हृदय मात्र स्वतःच्या तालावर चालते, म्हणून नाडी लागते.

मग उपाय काय? तो एका गाढविणीने दाखवला. १८१४ साली लंडनमध्ये तिला कुरारे टोचले. ती निपचित पडली. श्वासनलिकेला छेद देऊन भात्याने काही तास तिच्या फुप्फुसांत हवा भरत राहिले. विष ओसरले, गाढवीण उठली आणि पुढे पंचवीस वर्षे जगली! आमच्या रोग्याला दिलेला रबरी फुगा म्हणजे तोच भाता.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लस रक्तातले विष निष्प्रभ करते. निकामी झालेले मज्जातंतूचे टोक ती दुरुस्त करीत नाही. ते आपोआप भरून यायला काही दिवस लागतात. म्हणून लस लवकर हवी आणि तोवर श्वास चालू ठेवायला हवा.

वाचकांनी एवढे करावे :

१) जमिनीवर झोपू नये. खाट वापरावी, मच्छरदाणी गादीखाली खोचावी.

२) जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी, उलटी होऊन पापण्या जड झाल्या, तर दंश दिसो वा न दिसो, मण्यारचा संशय घ्यावा.

३) चिरा पाडणे, विष चोखणे, दोरी आवळणे टाळावे. मोडलेल्या हाताला बांधतो तशी फळी बांधून अवयव स्थिर ठेवावा. तोंडाने काही देऊ नये.

४) मांत्रिकाकडे वेळ न घालवता १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने लस असलेल्या रुग्णालयात न्यावे. वाटेत श्वास थांबला तर तोंडाने श्वास द्यावा.

५) रोगी हलत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, एवढ्यावरून तो गेला असे ठरवू नये. तो निर्णय डॉक्टरांवर सोडावा. आणि त्याच्या उशाशी बसून धीराचे दोन शब्द बोलावेत. त्याला ते ऐकू जात असतात.